भाराभर चिंध्या आणि एक धावदोरा

या महिन्याच्या टपालातील तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. विषय विज्ञान सांगण्याचा आहे आणि त्याचे निमित्त मिरजेच्या एका पत्राचे आहे. गेल्या अंकात त्या पत्राचा ओझरता उल्लेख केल्यावर बाकीची दोन आली. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, त्याबद्दल इतरांनी राग मानू नये.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. सकाळी सांगलीत एका खासगी शिकवणी वर्गात शिकवते, राज्य नाट्य स्पर्धेच्या हंगामात तालमींना जाते, एका स्थानिक केबल वाहिनीसाठी अधूनमधून निवेदन करते आणि गेले आठ महिने विज्ञानावर मराठी पॉडकास्ट चालवते. घरात शांत खोली नसल्यामुळे गोधडी डोक्यावरून घेऊन ध्वनिमुद्रण करते. माझे मामा म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' अमेरिकेतील अ‍ॅलन ऑल्डा नावाचे अभिनेते उतारवयात विज्ञानाचे पॉडकास्ट करू लागले, असे ऐकले. त्यांचा प्रवास नेमका कसा झाला? माझ्यासारखीने त्यातून घेण्याजोगे काही आहे, की ती एका प्रसिद्ध माणसाची हौस आहे?
(एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : तुमच्या मामांची म्हण जुनी आहे आणि ती उगीच पडलेली नाही; परंतु ज्या गोधडीखाली बसून तुम्ही बोलता ती चिंध्यांचीच असते, हे त्यांच्या नजरेतून निसटले असावे. चिंध्यांची गोधडी होते ती धावदोऱ्यामुळे. तेव्हा ऑल्डा यांच्या आयुष्यात असा धावदोरा होता का, एवढेच आपल्याला पाहायचे आहे. माझ्या मते तो होता. समोरचा माणूस काय बोलतो आहे ते ऐकून, त्यातूनच पुढचा प्रश्न काढण्याची सवय हा तो दोरा होय, आणि तो त्यांच्या हाती विज्ञानाच्या फार आधी, रंगभूमीवर आला.

ऑल्डा यांचा जन्म २८ जानेवारी १९३६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. जन्मनाव अल्फोन्सो जोसेफ डी'अब्रुझो. 'ऑल्डा' हे त्यांच्या वडिलांनी रंगभूमीसाठी घेतलेले नाव. अल्फोन्सो आणि डी'अब्रुझो या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून ते तयार झाले. वडील रॉबर्ट ऑल्डा हे गायक-अभिनेते होते आणि लहानगा अ‍ॅलन त्यांच्याबरोबर गावोगाव फिरत, विंगेत उभा राहून हलक्याफुलक्या संगीत प्रयोगांतले विनोदी नट पाहत वाढला. सांगलीच्या वाचकांना हे बालपण परके वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीता स्वयंवर' रंगवले तेव्हापासून या गावाने विंगेत झोपी गेलेली पुष्कळ मुले पाहिली आहेत. घरचे चित्र मात्र सुखाचे नव्हते. आईला गंभीर मानसिक आजार होता, आणि तिच्या मनात या क्षणी काय चालले आहे हे चेहऱ्यावरून ओळखणे ही त्या मुलाची गरजच होऊन बसली. सातव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. ऑस्ट्रेलियन परिचारिका एलिझाबेथ केनी यांच्या पद्धतीने, गरम पाण्यात भिजवलेल्या लोकरी पट्ट्या वारंवार हातापायांना गुंडाळण्याचा वेदनादायक उपचार त्यांच्यावर झाला आणि ते बरे झाले.

पुढे फोर्डम विद्यापीठातून १९५६ मध्ये ते इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाले. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नाही, हे तुमच्या मामांना अवश्य सांगा. तुमच्याकडे ती आहे. नंतरची काही वर्षे नटाच्या उमेदवारीची होती. लग्न झालेले, पाठोपाठ मुली झालेल्या आणि नाटकांतून मिळणारे पैसे अपुरे, त्यामुळे त्या काळात त्यांनी टॅक्सीही चालवली. याच काळात ते उत्स्फूर्त नाट्याच्या कार्यशाळेत गेले. हातात संहिता नसते, समोरचा काय म्हणेल ठाऊक नसते, आणि आपले पुढचे वाक्य त्याच्या वाक्यातूनच उगवावे लागते. ठरवून आणलेले वाक्य तेथे चालत नाही. तुम्ही तालमींना जाता, तेव्हा हे निराळे समजावण्याची गरज नाही. आपले वाक्य कधी येते याची वाट पाहत उभा राहिलेला नट आणि समोरच्याचे ऐकणारा नट यांतला फरक शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतो.

मोठे यश आले ते १९७२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. 'मॅश' ही कोरियन युद्धातील फिरत्या लष्करी रुग्णालयावरची दूरचित्रवाणी मालिका अकरा वर्षे चालली आणि तीत त्यांनी हॉकआय नावाचा तोंडाळ, मिस्कील, रक्ताने उबगलेला शल्यविशारद उभा केला. त्यांनी तिचे बरेच भाग लिहिले आणि दिग्दर्शितही केले. अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींसाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाले. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रसारित झालेला, त्यांनीच दिग्दर्शित केलेला अखेरचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. एवढ्यावर थांबून उरलेले आयुष्य जुन्या पुण्याईवर काढता आले असते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वळण त्यानंतर दहा वर्षांनी आले. १९९३ मध्ये त्यांना 'सायंटिफिक अमेरिकन फ्रंटियर्स' या विज्ञानमालिकेचे सूत्रसंचालन करण्याविषयी विचारणा झाली. अशा कार्यक्रमांत नामवंत नटाला बोलावतात ते आवाजासाठी. तो सुरुवातीला दोन वाक्ये बोलतो, मग पडद्यामागून निवेदन वाचतो आणि मानधन घेऊन घरी जातो. ऑल्डा यांनी अट घातली की शास्त्रज्ञांच्या मुलाखती मीच घेणार. निर्मात्यांनी ती मान्य केली. त्या एका अटीने निवेदकाचा मुलाखतकार झाला आणि पुढची बारा वर्षे, २००५ पर्यंत, हा साठीकडे झुकलेला आणि नंतर ती ओलांडलेला माणूस प्रयोगशाळांतून, वेधशाळांतून, खोदकामांवरून शास्त्रज्ञांना 'हे मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?' असे विचारत फिरला.

सुरुवात चांगली झाली नव्हती. सौरऊर्जेवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या भेटीत आपण सगळे समजल्याच्या थाटात बोलत गेलो, त्याच्या सौरपटलावर सरळ हात ठेवला आणि त्याच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता आपल्याला दिसलीच नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्यानंतर त्यांनी ठरवले की तयारी करून जायचे नाही. हा सल्ला मात्र तुम्ही जसाच्या तसा उचलू नये. त्यांच्यामागे संशोधन करणारी, प्रश्नांचा माग ठेवणारी आणि चित्रित झालेल्या कित्येक तासांतून उपयोगाचे काढणारी मोठी मंडळी होती. तुमच्यामागे गोधडी आहे. तुम्ही वाचून जा, परंतु वाचलेले दाखवू नका.

त्या मालिकेतला एक प्रसंग मी विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एक शास्त्रज्ञ बाई ऑल्डा यांच्याशी अगदी मोकळेपणाने आपल्या कामाविषयी बोलत होत्या. मध्येच त्यांना कॅमेऱ्याची आठवण झाली, त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि क्षणात त्यांचे व्याख्यान सुरू झाले. आवाज सपाट झाला, पारिभाषिक शब्दांची रांग लागली, चेहऱ्यावरचे हसू गेले. ऑल्डा यांनी साधे प्रश्न विचारून त्यांना पुन्हा आपल्याकडे वळवले, तेव्हा त्या परत माणसासारख्या बोलू लागल्या; आणि थोड्या वेळाने पुन्हा कॅमेऱ्याकडे वळल्या. माणूस तोच आणि विषयही तोच होता, बदलले होते ते समोर कोणी ऐकते आहे की नाही, एवढेच. मी स्वतः बत्तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे. पहिल्यांदा नभोवाणीसाठी भाषण वाचायला बसलो, तेव्हा दोन मिनिटांत काचेपलीकडच्या गृहस्थांनी ध्वनिमुद्रण थांबवून नम्रपणे सांगितले, 'सर, इथे फळा नाही.' तो टोमणा मला निवृत्तीपर्यंत पुरला.

याच मालिकेच्या चित्रीकरणासाठी २००३ मध्ये ऑल्डा चिलीतील एका पर्वतावरच्या वेधशाळेत गेले असताना त्यांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. डोंगरावरून खाली ला सेरेना शहरातील रुग्णालयात नेईपर्यंत रात्र झाली होती. आतड्याच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबला होता आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर ते दगावणार होते. डॉक्टरांनी त्यांना साध्या शब्दांत सांगितले की तुमच्या आतड्याचा काही भाग निकामी झाला आहे, तो कापून उरलेली दोन चांगली टोके जोडावी लागतील. ऑल्डा म्हणाले, 'म्हणजे तुम्ही एंड-टू-एंड अ‍ॅनास्टोमोसिस करणार.' डॉक्टर चकित झाले. हे तुम्हाला कसे ठाऊक, असे त्यांनी विचारले. 'मॅश'मध्ये अशा पुष्कळ केल्या आहेत, हे उत्तर मिळाले. जवळजवळ वारभर आतडे काढावे लागले, पण प्राण वाचले. हा किस्सा सर्वत्र विनोद म्हणून सांगितला जातो. मला त्यातला खरा ऐवज डॉक्टरांच्या पहिल्या वाक्यात दिसतो. मध्यरात्र, मरणासन्न रुग्ण, मिनिटामिनिटाची घाई, आणि तरीही त्या शल्यविशारदाने पारिभाषिक शब्द बाजूला ठेवून रुग्णाला कळेल असे सांगितले.

याच्या उलट प्रसंगही ऑल्डा यांनी लिहून ठेवला आहे. एका दंतवैद्याने त्यांच्या तोंडाजवळ शस्त्र धरून 'आता थोडे टेदरिंग जाणवेल' असे सांगितले. म्हणजे काय, असे विचारल्यावर तो वैतागून तोच शब्द पुन्हा उच्चारत राहिला, आणि ऑल्डा यांनी संकोचाने मान हलवली. ओठ आणि हिरडी यांना जोडणारा पडदा कापला गेला. पुढे एका चित्रपटात हसायचे होते तेव्हा चेहऱ्यावर हास्याऐवजी तुच्छता दिसू लागली. नटाचे हसू गेले, आणि गेले ते एका न समजलेल्या शब्दापायी. आपल्याकडे सही करण्यापूर्वी शस्त्रक्रियेचे संमतिपत्र वाचलेले किती नातेवाईक आढळतील, हा प्रश्न मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहणाऱ्या तुम्हाला विचारायला नको.

मालिका संपल्यानंतर या माणसाने जे केले त्यामुळे मी त्यांच्या उद्योगाला हौस म्हणत नाही. शास्त्रज्ञांना उत्स्फूर्त नाट्याचे खेळ शिकवले तर ते लोकांशी अधिक स्पष्ट बोलू लागतील का, हे त्यांनी आधी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवर करून पाहिले. मग अनेक विद्यापीठांच्या प्रमुखांना ही कल्पना सांगितली. बहुतेकांनी ऐकून सोडून दिली. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाने ती उचलली आणि २००९ मध्ये तेथे विज्ञानसंवादाचे केंद्र सुरू झाले. २०१३ पासून ते ऑल्डा यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील एक खेळ सोपा आहे. दोघे समोरासमोर उभे राहतात, एक संथपणे हालचाल करतो आणि दुसऱ्याने आरशासारखी तीच हालचाल त्याच क्षणी करायची. दुसरा मागे पडला तर दोष पहिल्याचा मानायचा, कारण त्याने समोरच्याला सोबत घेतले नाही. शिक्षकाने वर्गात मागे पडणाऱ्या मुलाकडे याच नजरेने पाहिले तर काय होईल, याचा विचार मी निवृत्तीनंतर केला. तो आधी करायला हवा होता.

पॉडकास्ट या सगळ्याच्या शेवटी आले. जुलै २०१८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'क्लिअर अँड व्हिव्हिड' सुरू केले. त्यात शास्त्रज्ञ येतात तसेच वादक, लेखक आणि डॉक्टरही येतात. विषय एकच, माणसे एकमेकांशी कशी जोडली जातात. शेवटी प्रत्येक पाहुण्याला सात छोटे प्रश्न विचारण्याची प्रथा त्यांनी पाडली. कार्यक्रमाचे उत्पन्न स्टोनी ब्रूकच्या केंद्राला जाते, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यावर मला पुढे यायचे आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की साडेतीन वर्षांपूर्वीच आपल्याला पार्किन्सन या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले आहे. निदान कसे झाले तेही ऐकण्याजोगे आहे. कोणीतरी आपल्यावर हल्ला करते आहे आणि आपण त्याच्यावर बटाट्यांचे पोते फेकतो आहोत, असे स्वप्न त्यांना पडले. प्रत्यक्षात त्यांनी झोपेतच पत्नीच्या अंगावर उशी फेकली होती. झोपेत स्वप्न असे हातापायांनी करून दाखवणे हे या आजाराचे फार आधीचे लक्षण असू शकते, असे त्यांनी वर्तमानपत्रातल्या एका लेखात वाचले होते. कंप नाही, काही नाही, चाचणीची गरज नाही, असे सांगण्यात आले तरी त्यांनी मेंदूची चाचणी आग्रहाने करून घेतली आणि निदान निघाले. विज्ञान ऐकण्याची सवय अशी स्वतःच्याच कामी आली.

आता तुमच्याविषयी. ऑल्डा यांना पॉडकास्टवर पोट भरायचे नव्हते. ते सुरू झाले तेव्हा मागे अर्ध्या शतकाची कमाई आणि घराघरांत ओळखीचा चेहरा होता. तुम्हाला श्रोते एकेक करून मिळवायचे आहेत. म्हणून शिकवणी वर्ग सोडू नका. मामांच्या काळजीतला खरा भाग तेवढाच आहे. उलट वर्गात रोज समोर बसणारी मुले ही तुमची प्रयोगशाळा आहे, कोणत्या वाक्याला त्यांची नजर खिडकीबाहेर जाते ते टिपून ठेवा. नाटक सोडू नका, कारण ऐकण्याचा रियाज तेथेच होतो. केबलवरचे निवेदन वाचून दाखवण्याचे असेल तर ते हळूहळू कमी करा आणि माणसांना प्रश्न विचारण्याचे काम मागून घ्या. ऑल्डा यांनी घातलेली अट तुम्हीही घालू शकता, नकार मिळाला तरी फारसे काही बिघडत नाही.

विषय कोठून आणू, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या पॉडकास्टचे जे तीन भाग मी ऐकले ते कृष्णविवरावर, क्वांटम संगणकावर आणि मंगळावर होते. तिन्ही बरे होते आणि तिन्ही कोणत्याही गावातून कोणीही करू शकले असते. तुमच्या गावात तंतुवाद्ये बनतात. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली, सुताचा बारीक धागा केसभर पुढेमागे सरकवत बसतो आणि एका ठिकाणी तार अशी उघडते की एका स्वरातून अनेक स्वर झिरपू लागतात. ती जवारी का लागते, यावर सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये लिहिले आहे. तार कोठे छेडली असता तिचे कोणते उपस्वर निघू नयेत, याचा युरोपात रूढ झालेला नियम तंबोरा पाळत नाही, आणि त्याचे कारण त्या रुंद, किंचित गोलावलेल्या घोडीवर तार घासत कंप पावण्यात आहे, हे त्यांनी दाखवले. सांगलीत हळदीचा मोठा बाजार आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल का होतो आणि हळदीत चुना मिसळून कुंकू कसे बनत असे, हे रसायनशास्त्राच्या पदवीधराने सांगायचे नाही तर कोणी? कारागिराच्या दुकानात माइक घेऊन जा, त्याला 'धागा येथेच का थांबवलात?' असे विचारा आणि मग गप्प बसा.

प्रश्न : ज्याने पडद्यावर डॉक्टरचे सोंग केले त्याने विज्ञानावर बोलावे आणि लोकांनी ते ऐकावे, हे मला पटत नाही. औषधांच्या जाहिरातींत पांढरा अंगरखा घालून उभे राहणारे नट आणि हे गृहस्थ यांत फरक कोणता?
(एक निवृत्त मुख्याध्यापक, तासगाव)

उत्तर : सर, तुमचा संशय आरोग्यदायी आहे आणि तो तसाच ठेवा. फरक असा की जाहिरातीतला नट उत्तर देतो आणि ऑल्डा प्रश्न विचारतात. अंगरखा घातलेला माणूस आपल्या चेहऱ्याची पत ज्ञानाच्या जागी ठेवून 'हे घ्या' म्हणतो; ऑल्डा तीच पत एका शास्त्रज्ञाला दहा मिनिटे शांतपणे बोलता यावे यासाठी वापरतात. त्यांनी २००१ मध्ये रंगभूमीवर रिचर्ड फाइनमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाची भूमिकाही केली, परंतु त्यानंतर क्वांटम भौतिकीवर मते देत ते हिंडले नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये त्यांना लोककल्याण पदक दिले, ते विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या कामासाठी.

तरीही तुमच्या आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. हे काम शास्त्रज्ञांनी स्वतः करावे, आणि आपल्याकडे ते उत्तम प्रकारे झालेले आहे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत. प्रा. यशपाल दूरदर्शनवर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत, आणि २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लोक दारे-खिडक्या लावून बसले असताना त्यांचा आवाज कित्येक घरांत धीर देत होता. नारळीकर आणि यशपाल यांना कोणी नट म्हणणार नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला लहान न लेखण्याची त्यांची रीत आणि ऑल्डा यांची रीत एकाच घराण्याची आहे.

प्रश्न : मी सहावीत आहे. ज्योत म्हणजे काय? बाईंनी सांगितले की ज्वलन म्हणजे ऑक्सिडीकरण. मला ते कळले नाही.
(एक विद्यार्थी, कवठे महांकाळ)

उत्तर : बाळा, तुझे पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. वर ज्यांच्याविषयी इतके लिहिले त्या ऑल्डा आजोबांनी अकरा वर्षांचे असताना आपल्या बाईंना हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांनाही हेच एका शब्दाचे उत्तर मिळाले होते. तो शब्द खरा आहे, पण ते गोष्टीचे नाव झाले, गोष्ट राहिलीच. ऑल्डा यांच्या मनात तो प्रश्न इतका रुतून राहिला की २०१२ मध्ये त्यांनी जगातल्या शास्त्रज्ञांपुढे स्पर्धा ठेवली : अकरा वर्षांच्या मुलाला कळेल असे ज्योतीचे उत्तर द्या. परीक्षक होती हजारो शाळकरी मुले. तेव्हा मीही आता तुझ्यापुढे परीक्षेला बसतो.

मेणबत्ती पेटवलीस की तिचे मेण जळते असे वाटते. घट्ट मेण जळत नाही. उष्णतेने ते वितळते, वातीतून वर चढते, जसे पाण्यात बुडवलेल्या कापडाच्या टोकातून पाणी चढते, आणि वर गेल्यावर त्याची वाफ होते. जळते ती वाफ. मेणाच्या वाफेचे अगदी बारीक कण, ज्यांना रेणू म्हणतात, ते उष्णतेने तुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात. जोडले जाताना उष्णता बाहेर पडते, ती उष्णता आणखी मेण वितळवते, आणि हे चक्र चालू राहते. मोठ्या शब्दाचा अर्थ एवढाच.

मग पिवळा उजेड कशाचा? ज्योतीच्या मधल्या भागात सगळ्या वाफेला पुरेल इतका ऑक्सिजन पोचत नाही. तेथे तुटलेल्या रेणूंमधल्या कार्बनची अतिशय बारीक काजळी बनते. ती काजळी काळी असते, पण इतकी तापते की लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखी चमकू लागते. वर जाऊन ऑक्सिजन मिळाला की ती जळून नाहीशी होते. आजीने तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी धरून काजळ धरलेले तू पाहिले असशील. तिने जळून जाण्याआधी काजळीला वाटेत अडवले, इतकेच. ज्योतीच्या तळाशी जो निळा भाग दिसतो तेथे हवा भरपूर मिळते, म्हणून काजळी बनत नाही. तो निळा उजेड तुटलेल्या रेणूंच्या तुकड्यांचा असतो.

ज्योत वर निमुळती का होते? गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून थंड हवा तिची जागा घेते, त्या ओढीने. अंतराळयानात वजनच जाणवत नाही, तेथे गरम हवा 'वर' जात नाही, म्हणून ज्योत गोल आणि निळसर होते.

जळते ती वाफ, यावर विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग कर. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात मुलांना मेणबत्तीवर व्याख्याने दिली, तेव्हा तो दाखवला होता. वारा नसलेल्या खोलीत मेणबत्ती थोडा वेळ जळू दे आणि मग फुंकर मारून विझव. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता, दोन-तीन सेंटिमीटर वर त्या धुरात धर. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येऊन बसेल, कारण तो धूर म्हणजे मेणाची थंड होत चाललेली वाफ आहे. आई किंवा बाबांना शेजारी बसवूनच हे कर, आणि पडद्यापासून दूर कर.

वर जे लिहिले त्यातले कोणते वाक्य कळले नाही, ते पोस्टकार्डावर लिहून पाठव. ते वाक्य मी पुढच्या अंकात पुन्हा लिहीन.